संथ धावणाऱ्यांची लाट

रविवार, रात्र

ओळखीपाळखीत आता कोणी ना कोणी मॅरेथॉनची तयारी करत असते, आणि जो करत नाही तो "आपणही सुरू करावे का?" असे विचारत असतो. सकाळचा लांब पल्ल्याचा सराव आटोपल्यापासून माझ्या मनात या लाटेचाच विचार घोळतो आहे. तिला नुसते फॅड म्हणून मोडीत काढणारे पुष्कळ आहेत. मला मात्र वाटते की, ही लाट खरी वाढवली ती संथ धावणाऱ्यांनी, आणि तिचे काही बिघडलेच तर ते या माणसांना आपल्या संथपणाची लाज वाटू लागल्यामुळे बिघडेल.

एके काळी ४२.१९५ किलोमीटरचे हे अंतर निवडक, कसलेल्या खेळाडूंचेच मानले जाई. १९७० साली न्यूयॉर्कची पहिली मॅरेथॉन सेंट्रल पार्कमध्येच फेऱ्या मारून झाली, तेव्हा सुरुवातीच्या रेषेवर अवघे १२७ जण उभे होते आणि त्यांतले ५५ शेवटपर्यंत पोहोचले. अलीकडे त्याच स्पर्धेत पन्नास हजारांहून अधिक माणसांनी अंतिम रेषा ओलांडली आहे. मधल्या काळात बरेच घडले. केनेथ कूपर या अमेरिकी डॉक्टरांनी १९६८ साली एरोबिक्सची, म्हणजे दमसास वाढवणाऱ्या व्यायामाची, कल्पना लोकांपुढे ठेवली आणि हृदय-फुप्फुसांची क्षमता हा सामान्य माणसाच्या आस्थेचा विषय झाला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर यांनी मॅरेथॉनचे सुवर्णपदक पटकावले आणि अमेरिकेत हौशी धावकांची संख्या झपाट्याने वाढली. स्त्रियांना तर ही वाट भांडूनच मिळवावी लागली. १९६७ साली बॉस्टनमध्ये कॅथरिन स्विट्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने त्यांच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन यायला १९८४ साल उजाडावे लागले. (स्पर्धेच्या पहाटे क्रमांक लावताना सेफ्टी पिन बोटाला टोचली की मला हटकून त्यांची आठवण होते.)

संथपणाची बाजू मी केवळ भावनेपोटी घेत नाही. ज्या गतीने धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येते, त्याच गतीने बहुतेक सराव करावा, असे प्रशिक्षक सांगतात ते उगीच नव्हे. अशा सरावाने स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींत ऊर्जा तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात आणि शरीर इंधन म्हणून चरबीचा अधिक वापर करू लागते. यातली शेवटची गोष्ट फार मोलाची, कारण यकृतात आणि स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने साठवलेली साखर, बहुतेकांना पूर्ण मॅरेथॉनभर पुरत नाही. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे-मागे अनेकांचे पाय एकाएकी ओंडक्यासारखे जड होतात ते त्यामुळेच. शिवाय दमसास काही आठवड्यांत सुधारतो, पण कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे दोर) आणि हाडे यांना नव्या भाराची सवय व्हायला कित्येक महिने जातात, आणि उत्साही नवख्यांच्या नडग्या व टाचा दुखावतात त्या बहुधा या मधल्या काळातच. वेगाची घाई करणाऱ्याला हे सांगून पटत नाही, कारण त्याची छाती त्याला "अजून धाव" म्हणत असते.

मनगटावरचे घड्याळही तेच म्हणत असते. आमच्या गटातले निवृत्तीला आलेले एक गृहस्थ आज सराव संपल्यावरही फाटकासमोर येरझारा घालत होते, कारण घड्याळात ९.८२ किलोमीटर दिसत होते आणि दहाचा आकडा उमटल्याखेरीज त्यांना थांबवत नव्हते. हे हौशीत खपून जाते. मीही ते केलेले आहे आणि बहुधा पुन्हा करीन. पण माझ्या पुढे धावणारी एक नवी मुलगी दर शंभरेक पावलांनी मनगट डोळ्यांसमोर धरत होती, आणि चढ लागून वेग साहजिकच मंदावला तेव्हा मागे वळून मला म्हणाली, "सॉरी ताई, आज मी फारच स्लो आहे." तिला कोणी काही विचारलेही नव्हते. सरावाचा प्रत्येक तपशील ॲपवर चारचौघांसमोर मांडला जाऊ लागला, की चढावरचे मिनिटभर चालणेसुद्धा खुलासा करण्याजोगे वाटू लागते.

२०१९ साली व्हिएन्नात केनियाचे धावपटू एलिउड किपचोगे यांनी १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत हे अंतर कापले. आळीपाळीने साथ देणारे वेगवान धावक दिमतीला असल्यामुळे त्याची अधिकृत विक्रम म्हणून नोंद झाली नाही, तरी मी ते चित्रण अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी थक्क झाले आहे. मात्र पाच-सहा तास पायांवर राहणाऱ्याचे कष्ट वेगळ्या जातीचे असतात. त्याला ऊन लागते, आणि पाण्याच्या टेबलांपाशी तो पोहोचेपर्यंत कधी कधी पेले संपलेले असतात. रस्ते ठरल्या वेळी मोकळे करावे लागतात, त्यामुळे वेळमर्यादा मला मान्य आहे. पण ती मर्यादा पाळून येणाऱ्या शेवटच्या माणसालाही पाणी मिळालेच पाहिजे, याबाबत मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. जेफ गॅलोवे हे स्वतः ऑलिंपिक धावपटू, आणि तरीही ठरावीक अंतराने चालत-धावत पल्ला गाठण्याची पद्धत त्यांनी वर्षानुवर्षे शिकवली. पुढच्या रविवारी त्या मुलीला ही पद्धत सांगणार आहे आणि घड्याळ घरी ठेवून येण्याचेही सुचवणार आहे. यातले पहिले ती ऐकेल, दुसरे ऐकेल असे वाटत नाही.