लिंबूणीवरचा मावा

आज रविवार सगळा अंगणातल्या लिंबूणीपाशी गेला. आठवडाभर पानं चिकट लागत होती, मी आपलं धूळ म्हणून सोडून दिलं. सकाळी कोवळा शेंडा उलटा करून पाहिला, तर काळपट मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, नुसता खच्चून भरलेला! पानं द्रोणासारखी वळलेली, खालच्या पानांवर काजळी धरलेली आणि खोडावरून मुंग्यांची रांग. या मुंग्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. आयतं खिल्लारच पाळलंय म्हणा ना!

शेजारचे काका जहाल औषधाची बाटली घेऊन आलेच. नको म्हटलं. सासूबाई रोज त्याच झाडाची लिंबं तोडतात.

आधी पाइपने पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या खालून. अर्धा मावा तिथेच गळून पडला. खोडाला कागदाची पट्टी बांधून वर व्हॅसलिन फासलं, मुंग्यांचा रस्ता बंद. ऊन उतरल्यावर लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून फवारलं. आठवड्याने पुन्हा मारणार.

एका फांदीवर मगरीच्या पिल्लासारखी काळी-नारिंगी अळी दिसली. चिरडणारच होते, तेवढ्यात आठवलं, ही तर ढालकिड्याची (लेडीबगची), मावाच खाते! ती फांदी तशीच सोडली.

खरी चूक आमचीच. गेल्या वर्षी खोडापर्यंत फरशी घातली, मुळांना हवा-पाणी मिळेना; वर मी मूठभर युरिया टाकला, त्याने कोवळी पालवी फुटली आणि माव्याला तीच आवडते. उद्या गवंड्याला बोलावलंय, दोन फरश्या काढायला.