बागेतला तक्ता

बुधवार, रात्री

एमएस्सीच्या विद्यार्थिनीचा प्रकल्प वाचून संपवला. विषय डाळिंबावरचा तेल्या, म्हणजे जिवाणूंमुळे येणारा रोग. कडुलिंबाच्या आणि तुळशीच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये तेल्याचे जिवाणू वाढायचे थांबले. अर्काभोवती स्वच्छ वर्तुळं, फोटोही छान आलेत. पण पोरगी तिथेच थांबली नाही. वडिलांची सांगोल्याजवळ बाग आहे. मृग बहारात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर धरलेल्या फळांच्या हंगामात, तिथल्या काही ओळींवर तिने तोच अर्क फवारला, शेजारच्या ओळी तशाच ठेवल्या. तेल्या दोन्हीकडे सारखाच आला.

"मॅडम, बागेतला तक्ता गाळू का? उपाय लागू पडला नाही असे शोधनिबंध, पेपर, कुणी छापत नाही म्हणतात."

मला वाईट वाटलं, कारण त्या अहवालात सगळ्यात मोलाचा तोच तक्ता आहे. पावसात अर्क धुऊन जातो, उन्हाने त्याचा जोर कमी होतो, आणि जिवाणू तर पानावरच्या बारीक छिद्रांतून, जखमांतून पानाच्या आत शिरलेला असतो. डिशमध्ये यातलं काहीच नसतं. इकडे सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याचे बागायतदार कुणी सांगेल ते फवारतात. फळ तडकायला लागलं की माणूस काहीही करून बघतो. कशाने फरक पडत नाही हे त्यांना आधी कळलं, तर निदान तेवढा पैसा वाचेल.

तिची भीती मात्र खोटी नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१० मध्ये एपीआय म्हणजे प्राध्यापकांच्या कामगिरीचे गुण आणले आणि प्राध्यापकाची बढती पेपरच्या संख्येला बांधली गेली. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. त्यांना आवरायला यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. पीएचडीचा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली. तरी मुलाखतीत पहिला प्रश्न तोच: पेपर किती? भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांना २०१३ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनीच सांगितलं होतं की आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती. १९६४ नंतर त्यांचे दहासुद्धा पेपर नव्हते.

घाईत न होणारं काम आपल्या सोलापूर जिल्ह्यातलंच बघायचं तर मालदांडी ज्वारी. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर निवडलेलं एम ३५-१ हे वाण अजूनही रब्बीला शेतकरी मागून घेतात. रब्बी वर्षातून एकदाच येते. चांगली कणसं निवडायची, पेरायची, पुन्हा पुढच्या थंडीची वाट बघायची. दर सहा महिन्यांनी काहीतरी छापून दाखवा म्हटल्यावर असं काम कोण अंगावर घेईल? आमच्या मुलांना प्रकल्पासाठी जेमतेम एक बहार मिळतो, आणि एका बहारावरून तेल्याबद्दल ठाम काही बोलता येत नाही.

विभागाच्या बैठकीत एक मागणी मांडणार आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी मिळून, लागू न पडलेल्या फवारण्यांची एक मराठी नोंदवही ठेवावी. कोणता अर्क, किती प्रमाणात, कोणता बहार, फवारणीनंतर पाऊस कधी आला, तेल्या किती टक्के झाडांवर. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, मांडणी कशी असावी हे त्यांना विचारता येईल. आणि या नोंदींना बढतीच्या अर्जात पेपरइतकेच गुण मिळावेत, हेही लेखी मागणार आहे.