'लुकिंग फॉरवर्ड टू'च्या पुढे काय?

आज तपासलेल्या अर्जांत एकच चूक पुन्हापुन्हा दिसली: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. हवं 'मीटिंग यू'. 'टू' दिसला की पुढे क्रियापदाचं मूळ रूप, ही शाळेपासूनची सवय इथे फसवते. 'वाँट टू गो'मधला 'टू' क्रियापदाचा. इथला मात्र आपल्या 'भेटण्याची वाट'मधल्या 'ची'सारखा, नामाला जोडणारा. पडताळा सोपा आहे. 'टू'नंतर 'दॅट' ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू दॅट' बसतं ना? मग आयएनजी लावा. 'वाँट टू दॅट' बसतच नाही.

आणि 'लुकिंग फॉरवर्ड टू' म्हणजे नुसती वाट पाहणं नव्हे, त्यात आनंद हवा. बससाठी 'वेट फॉर'च. औपचारिक पत्राच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' जास्त शोभतं.