जुना हॉट टब गेला, आता कुठला घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या तोंडावर कोणाचा ना कोणाचा फोन येतो, अगं तुम्ही टब बदललात ना, मग आम्ही जकूझी घेऊ, हॉट स्प्रिंग घेऊ की सरळ कॉस्टकोतला उचलून आणू? आमच्या कॅनडातल्या किचनर-वॉटर्लू भागात बऱ्याच जणांनी घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात टब आयताच मिळाला होता आणि ते टब आता एकेक करून मान टाकायला लागलेत. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगून काहीतरी राहूनच जातं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

माझं मत आधीच सांगते, ब्रँडचा नंबर तिसरा. पहिला नंबर, टब बिघडला की तुमच्या घरी नक्की कोण येणार. दुसरा, टब उष्णता किती धरून ठेवतो. जेट (पाण्याचा जोरदार झोत सोडणारी तोंडं) किती, लाइट किती रंगांचे, स्पीकर आहेत का, हे सगळं त्यानंतर.

हे मी एवढं ठासून का म्हणते ते सांगते. आमचा जुना टब घराबरोबर आलेला, कंपनीचं नाव राहू दे. एका जानेवारीत पाणी रोज बोटभर खाली जायला लागलं. त्या टबात शेल, म्हणजे पाणी धरणारं आतलं भांडं, आणि बाहेरच्या पॅनेलच्या मधली सगळी जागा फोमने भरलेली, पाइप त्यात गाडलेले. टेक्निशियन आला, त्याने पॅनेल काढलं आणि करवतीच्या पात्याने फोम खरवडत बसला, पिवळट फोम स्पंजसारखा पाणी प्यायलेला, बोटाने दाबला की धार लागायची, आणि एवढं करून गळती कुठे आहे ते कळेना कारण पाणी फोममधून वाट काढत भलतीकडूनच बाहेर येतं. बाहेर उणे 15. आणि हा एक माणूस मिळायलाच कितीतरी फोन करावे लागले होते, कारण टब विकणारा डीलर केव्हाच दुकान बंद करून गेला होता.

म्हणजे फुल फोम वाईट का? तसं अजिबात नाही. फोममुळे पाइपांना आधार मिळतो, कंपनं कमी होतात आणि उष्णता छान टिकते, हॉट स्प्रिंगचे बरेच टब त्याच पद्धतीने बनतात आणि ते थंडीत उत्तम चालतात. फक्त गळती झाली की शोधणं अवघड. आर्क्टिक स्पाज ही अल्बर्टातली कंपनी उलटं करते, इन्सुलेशन बाहेरच्या भिंतींना, मधली जागा मोकळी, त्यामुळे पंपाची उष्णता आतच राहते आणि कुठलंही पॅनेल काढलं की पाइप समोर दिसतात. युटातल्या बुलफ्रॉगचा विचार आणखी वेगळा, पाठीमागचे जेट सगळे एका सुट्ट्या पॅकमध्ये, तो पॅक उपसून दुसऱ्या सीटवर लावता येतो आणि टबाच्या पोटात पाइप कमी लागतात. मिसिसॉगाची हायड्रोपूल सेल्फ-क्लीनिंगवर भर देते आणि ती आता जकूझीच्याच ग्रुपमध्ये आहे, सनडान्सही त्याच घरातली. म्हणजे दुकानात दोन नावं एकमेकांविरुद्ध विकायला ठेवलेली असली तरी मालक एकच असू शकतो.

उष्णतेबद्दल सेल्समन काहीही सांगतात, त्यामुळे कॅलिफोर्निया एनर्जी कमिशनचा डेटाबेस उघडा. टब नुसता झाकून ठेवला तर तापमान राखायला किती वॅट खातो, ते तिथे मॉडेलनुसार दिलेलं असतं. ती टेस्ट आपल्या फेब्रुवारीसारख्या हवेत होत नाही, म्हणून त्यावरून बिल काढू नका, पण सारख्या आकाराचे दोन टब शेजारी ठेवून बघायला तो आकडा एकदम कामाचा. आणि शोरूममध्ये गरम टब चालू असेल तर बंद कव्हरच्या मधल्या घडीवर तळवा ठेवून बघा. तिथून गरम वाफ लागली तर समजायचं की तुमचे पैसे तिथूनच उडून जाणार. कव्हरच्या आतल्या फोमला हीच वाफ वर्षानुवर्षं लागते, तो पाणी धरतो आणि मग ते कव्हर दोघांना मिळूनही उचलत नाही. नव्या टबावर जास्तीचे पैसे कुठे घालायचेच असतील तर जाड, घडीला सलग सील असलेल्या कव्हरवर घाला.

जेटच्या आकड्याला भुलू नका, सत्तर जेट आणि पंप तेवढाच असेल तर प्रत्येकातून नुसती झुळूक. हॉर्सपॉवरचंही तेच. ब्रोशरवर 6 हॉर्सपॉवर लिहिलेलं असतं आणि पंपाच्या लेबलवर 240 व्होल्ट, 12 अँप. गुणाकार करा, 2,880 वॅट. एक हॉर्सपॉवर 746 वॅटची, म्हणजे चारसुद्धा भरत नाहीत. अँप बघा.

साध्या प्लगवर चालणारे 120 व्होल्टचे टब स्वस्त पडतात, इलेक्ट्रिशियनचा खर्च वाचतो, मान्य. पण हिशोब बघा. 1,500 लिटर पाणी 10 अंशांवरून 40 वर न्यायला 4 किलोवॅटच्या हीटरला साधारण 13 तास, आणि 1 किलोवॅटच्या हीटरला दोन दिवसांहून जास्त, तेही उष्णता अजिबात वाया गेली नाही असं धरून. शिवाय त्यातल्या बहुतेकांत जेट जोरात चालू असताना हीटर बंद असतो. ऑन्टारिओच्या हिवाळ्यात मी तो घेणार नाही. 240 घ्या, इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीचं परमिट काढून लायसन्सवाल्याकडूनच काम करून घ्या, आणि गॅरेजमध्ये गाडीचा चार्जर असेल तर आधी घराच्या इलेक्ट्रिकल पॅनेलवर जागा आहे का ते विचारा. 2023 पासून इथे अल्ट्रा-लो ओव्हरनाइट दर निवडता येतो, रात्री 11 ते सकाळी 7 वीज खूप स्वस्त, म्हणून ज्या टबात हीटिंग आणि फिल्टरच्या वेळा स्वतः लावता येतात तोच बघा.

सॉल्ट सिस्टमबद्दल, म्हणजे मिठाच्या मदतीने टबातलं पाणी निर्जंतुक ठेवणाऱ्या सोयीबद्दल, आमच्या भागातल्यांनी जरा थांबून विचार करावा. हॉट स्प्रिंगची सॉल्ट सिस्टम हातांना, डोळ्यांना खरंच सुखद आहे, पण तिला कॅल्शियम फार कमी असलेलं पाणी लागतं आणि कार्ट्रिज दर चार महिन्यांनी बदलावं लागतं. आपल्याकडे पाणी बहुतांश जमिनीखालचं, इतकं जड की घरोघरी सॉफ्टनर, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम काढणारं यंत्र. मागच्या अंगणातला नळ बहुतेक घरांत सॉफ्टनरच्या आधीच काढलेला असतो, म्हणजे टब भरायची वेगळी सोय करावी लागणार. ते जमत नसेल तर पाणी निर्जंतुक करायला साधं ब्रोमिन बरं.

आणि कृपा करून स्विमसूट घेऊन शोरूममध्ये जा. विचारलं तर चांगले डीलर टबात बसू देतात. आमच्या सासूबाई मिरजेहून उन्हाळ्यात येतात, गुडघे दुखतात, उंची जेमतेम पाच फूट. लाउंजर सीटवर, म्हणजे पाय पसरून रेलायच्या सीटवर, त्यांना टेकताच येईना, पाय तरंगून वर येत होते. त्यामुळे लाउंजर रद्द, सरळ बसायच्या सीट आणि आत एक बुटकी पायरी. जकूझींच्या घरातही सुरुवात सांध्यांच्या दुखण्यातूनच झाली होती, कँडिडो जकूझींनी संधिवात असलेल्या आपल्या मुलासाठी बाथटबात ठेवायचा पंप केला, तो 1956 साली बाजारात आला. सासूबाई असतात तेव्हा आम्ही तापमान 104 फॅरेनहाइटवरून 98 वर आणतो, बीपीची गोळी चालू आहे म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

आम्ही शेवटी आर्क्टिक घेतला. गळतीचा तो जानेवारी बघितल्यावर पाइप दिसणारा टब हवाच होता, आणि डीलर घराजवळ, त्याचे स्वतःचे पगारी टेक्निशियन. तुमच्या गावात हॉट स्प्रिंगचा डीलर तसा असेल तर तो घ्या, मी खुशाल घ्या म्हणेन. फक्त वॉरंटीत पार्टबरोबर लेबर किती वर्षं आहे ते लिहून घ्या, आणि किमतीत कव्हर, कव्हर लिफ्टर, पायऱ्या, जुना टब उचलून नेणं, लागली तर क्रेन, काय काय धरलंय ते कागदावर मागा. डेकवर ठेवणार असाल तर नुसत्या पाण्याचंच वजन दीड टन, इंजिनिअरला दाखवल्याशिवाय नको. खाली काँक्रीटचा पॅड ओतायचा असेल तर ऑर्डर ऑक्टोबरच्या आत टाका, जमीन गोठली की ते काम थेट एप्रिलपर्यंत अडकतं.