मुयेंबे आणि रक्ताचा माग

इबोला या जीवघेण्या विषाणूच्या शोधाचा विषय निघाला की बेल्जियममधल्या अँटवर्पच्या प्रयोगशाळेचं नाव पुढे येतं. त्या प्रयोगशाळेला रक्त मिळालं ज्यांच्यामुळे, ते कॉंगोचे प्राध्यापक झां-झाक मुयेंबे-तामफुम बराच काळ बाजूलाच राहिले. हे खटकण्यासारखंच आहे.

जन्म १९४२चा. वैद्यकीय शिक्षण किन्शासात, विषाणूशास्त्रातली पीएचडी बेल्जियमच्या ल्यूवेनला. १९७६मध्ये कॉंगोतल्या यांबुकू गावच्या मिशन हॉस्पिटलात माणसं दगावू लागली तेव्हा सरकारने त्यांना तिकडे धाडलं. आधी संशय टायफॉइडचा. हातमोजे नव्हते. रक्त घेऊन सुई काढली की त्या जागेतून रक्त वाहतच राही, बोटं माखत. मुयेंबेंनी हात साबणाने धुतले, एवढंच काय ते संरक्षण. आजारी पडलेल्या एका ननला त्यांनी किन्शासाला आणलं आणि तिच्या रक्ताच्या दोन कुप्या थर्मासमधून अँटवर्पला गेल्या. पोचेपर्यंत एक फुटली होती. दुसरीने काम केलं.

साथ पसरली कशी, हे पुढच्या तपासात कळलं. हॉस्पिटलात रोज सकाळी पाच सिरिंजा दिल्या जात. दोन पेशंटांच्या मधे त्या कोमट पाण्यात नुसत्या खंगाळायच्या, उकळणं झालंच तर दिवस संपताना. ३१८ रुग्णांपैकी २८० गेले. सतरापैकी अकरा कर्मचारी मेले, हॉस्पिटल बंद पडलं, आणि सुया थांबल्यावर साथही ओसरत गेली.

१९९५मध्ये कॉंगोतल्याच किक्विट शहरात इबोलाची साथ आली तेव्हा मुयेंबेंच्या चमूने बऱ्या झालेल्यांचं रक्त आठ रुग्णांना चढवलं. सात वाचले. बाहेरच्या तज्ज्ञांनी नाक मुरडलं, आणि त्यात तथ्यही होतं: तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि रक्त मिळेपर्यंत आजाराचे पहिले दिवस तगून गेलेल्यांची वाचण्याची शक्यता तशीही जास्त. पण कल्पना फुकट गेली नाही. किक्विटमधून वाचलेल्या एकाच्या रक्तात, आजारानंतर अकरा वर्षांनीही त्या विषाणूची आठवण धरून बसलेल्या पेशी सापडल्या. त्यांतूनच एमएबी११४ हे प्रतिपिंड, म्हणजे विषाणूला चिकटून त्याला अडवणारं प्रथिन, औषध म्हणून तयार झालं. वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅम, शिरेतून, एकदाच.

पूर्व कॉंगोतल्या साथीत, नोव्हेंबर २०१८पासून, चार औषधांची चाचणी झाली, आणि या वेळी तुलनेचा गट होता. २८ दिवसांतले मृत्यू: तुलनेसाठी ठेवलेल्या झेडमॅप या औषधावर ४९.७ टक्के, एमएबी११४वर ३५.१. खरी गोम मात्र पुढे आहे. रक्तात विषाणू कमी असताना एमएबी११४ मिळालेल्यांत मृत्यू ९.९ टक्के, जास्त असताना सत्तरच्या आसपास. उशिरा आलेल्या माणसाच्या पेशी विषाणूने आधीच पोखरलेल्या असतात. प्रतिपिंड विषाणूला नव्या पेशीत शिरण्यापासून अडवतं, झालेली मोडतोड भरून काढत नाही. म्हणून ताप आल्यापासून हॉस्पिटलच्या पलंगापर्यंतचे दिवस कमी करणं, हे औषधाइतकंच महत्त्वाचं. डिसेंबर २०२०मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.