डावखुरीची किटली

जपानी किटलीचा दांडा चुकीच्या बाजूला असतो, म्हणून इतकी वर्षं नागोयात राहूनही मी ती घेतली नव्हती. चुकीच्या म्हणजे माझ्यासाठी चुकीच्या. मी डावखुरी आहे.

आपल्या किटलीला तोटी पुढे आणि कान मागे, दोन्ही एका रेषेत. इथल्या नेहमीच्या 'क्यूसू'ला मागे काहीच नसतं. तोटीशी साधारण काटकोन करून, उजव्या अंगाला एक आखूड, पोकळ दांडा बाहेर आलेला असतो. उजव्या हाताच्या माणसाने तो मुठीत धरायचा, अंगठा झाकणावर टेकवायचा आणि मनगट किंचित आत वळवायचं. झालं. दुसरा हात लागत नाही, कोपर उचलावं लागत नाही. जमिनीवर मांडी घालून ठेंगण्या मेजावर चहा ओतायचा असेल तर याच्याइतकं सोयीचं काही नाही, हे मीही मान्य करते.

आता तीच किटली डाव्या हातात घ्या. तोटी कपाकडे न बघता भलतीकडेच बघते. मनगट उलटं पिळावं लागतं, अंगठा झाकणावरून सरकतो, कोपर बरगडीत रुतते आणि चहा शेजाऱ्याच्या दिशेने निघतो. ऑफिसच्या पॅन्ट्रीत एक क्यूसू आहे. पाहुणे आले की ती बाहेर निघते आणि मी नेमकी त्याच वेळी फोन आल्याचं निमित्त करते. घरी टी-बॅग. सेनचाच्या, म्हणजे इथल्या रोजच्या हिरव्या चहाच्या, देशात टी-बॅग पिण्यात काय वाईट आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे. स्वतःलाही.

मग मागच्या महिन्यात बहीण आली आणि तिला टोकोनामे हे मातीकामाचं गाव दाखवायला गेले. नागोयाहून मेइतेत्सूच्या गाडीने पाऊण तासही लागत नाही. तुमच्यापैकी जे चुबू विमानतळावर उतरलेत ते खरं तर टोकोनामेतच उतरलेत. २००५ साली सुरू झालेलं, समुद्रात भराव घालून केलेलं ते बेट याच गावाच्या हद्दीत येतं. जपानमध्ये मातीकामाच्या सहा प्राचीन भट्ट्या मानतात, त्यातली एक इथली. गावात फिरायला आखलेली वाट आहे आणि तिच्यावर दोकानझाका नावाचा एक चढ लागतो. त्याच्या एका बाजूची भिंत सांडपाण्याच्या जुन्या मातीच्या नळांची आणि दुसऱ्या बाजूची दारूच्या बुधल्यांची. १८८७ साली बांधलेली, दहा धुराड्यांची, टेकडीच्या उतारावर चढत गेलेली भट्टीही तिथेच आहे. ती १९७४ पर्यंत पेटत होती. इथल्या बाथरूममध्ये तुम्ही 'इनॅक्स' हे नाव वाचलं असेल. ती कंपनीही याच गावात १९२४ मध्ये सुरू झाली. एकाच गावाने किटली आणि कमोड या दोन्हींत नाव काढावं, हे मी अजून आईच्या कानावर घातलेलं नाही. तिने त्या किटलीतला चहा प्यायला नसता.

बहिणीला मांजरींच्या मूर्ती हव्या होत्या. ती त्यात गुंतली आणि मी शेजारच्या किटल्यांच्या दुकानात शिरले. लाल, काळ्या, राखाडी, फळीवर ओळीने मांडलेल्या. सगळ्यांचे दांडे एकाच दिशेला. मी एक लाल किटली उचलली, अर्थात डाव्या हाताने. तेवढ्यात दुकानाचे म्हातारे मालक आपल्याकडे बघताहेत असं दिसलं आणि मी झटकन हात बदलला. ही माझी जुनी सवय. कुणाचं लक्ष गेलं की हात बदलायचा. हळदीकुंकवाला, देवळात, लग्नाच्या पंगतीत वाढताना, कुणाला पैसे देताना. आजीचा 'उजवा!' हा एकच शब्द पुरायचा.

ते आजोबा काही बोलले नाहीत. मागच्या खोलीत गेले, एक लाकडी खोका घेऊन आले, कागद सोडवला. आत तीच लाल माती, तोच घाट, फक्त दांडा डावीकडे. दोन्ही हातांनी ती त्यांनी माझ्यापुढे धरली आणि मान किंचित झुकवली, जणू ती फळीवर आधीच नव्हती याबद्दल माफी मागत असावेत. मी डाव्या हातात धरली. अंगठा आपोआप झाकणावर गेला. तोटी कपाकडे बघत होती.

दुकानात उभं राहून डोळ्यांत पाणी यावं असं त्यात काही नव्हतं. तरी आलं. बहिणीला वाटलं किंमत ऐकून आलं.

यानंतर त्यांनी जे दाखवलं त्यासाठी मी दर आठवड्याला टोकोनामेला जायला तयार आहे. किटलीत पाणी भरलं आणि ओतायला सुरुवात केली. झाकणाला एक बारीक भोक असतं. धार चालू असतानाच त्यांनी त्या भोकावर बोट ठेवलं. धार थांबली. बोट काढलं, पुन्हा सुरू. आत हवा जायला दुसरी वाटच नाही, इतकं झाकण अंगाला बसलेलं. इथले चांगले कारागीर झाकण आणि भांडं एकमेकांवर घासून जोडीने बसवतात. एकीचं झाकण दुसरीला चालत नाही. मग त्यांनी आतली बाजू दाखवली. तोटीच्या मुळाशी मातीचीच फुगीर चाळण, तिला एकेक करून पाडलेली बारीक भोकं. गाळणी वेगळी धरायची गरज नाही. ओतून झाल्यावर तोटीच्या टोकावर थेंब लोंबतोय का हे मी मुद्दाम बघत होते. आपल्या घरातली एक तरी किटली टेबलक्लॉथवर न गळणारी आठवते का तुम्हाला? मला नाही. ही गळली नाही.

पण लगेच देणार ते जपानी दुकानदार कसले? कोणता चहा पिता, किती जण पिता, पानं पूर्ण की चुरा, अशी उलटतपासणी झाली. शिझुओकाकडचा 'फुकामुशी', म्हणजे जास्त वेळ वाफवलेला सेनचा, पित असाल तर त्याची पानं मोडून चुरा झालेली असतात आणि मातीच्या चाळणीची भोकं त्याने बुजतात. त्यासाठी स्टीलची बारीक जाळी बसवलेली किटली घ्या, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. जाळीवाल्या किटल्या त्यांच्याकडे स्वस्त होत्या. महागडी हातात धरवून स्वस्तातली सुचवणारा दुकानदार मी तरी फारसा पाहिलेला नाही. मी म्हटलं, साधा सेनचाच पिते. जे अजून खरं नव्हतं, आता झालंय.

मोठी किटली घेऊ नका, हेही त्यांचंच. आपल्याला वाटतं पाहुणे आले तर? पण या चहाचं गणित असं की पाणी एका वेळी सगळं ओतून घ्यायचं, शेवटच्या थेंबापर्यंत. आत उरलं तर पानं भिजत राहतात आणि पुढचा घोट कडू होतो. पुन्हा हवा असेल तर त्याच पानांवर नवं पाणी. म्हणून किटली छोटी आणि खेपा जास्त. सेनचाला पाणी सत्तर ते ऐंशी अंशांचं, साधारण मिनिटभर. ग्योकुरो हा सावलीत वाढवलेला हिरवा चहा असेल तर आणखी निवलेलं, पन्नास-साठ. उकळतं पाणी फक्त होजिचासारख्या भाजलेल्या चहाला. आधण खळखळल्याशिवाय ज्यांचा चहावर विश्वास बसत नाही अशा घरातून मी आले आहे, त्यामुळे पाणी निवण्याची वाट बघत ओट्याशी उभं राहणं ही मला अजून शिक्षाच वाटते.

आणि साबण लावायचा नाही. या लाल मातीवर झिलई नसते. लोहाचं प्रमाण जास्त असलेली माती तशीच भाजलेली. ती वास धरते. कोमट पाण्याने आतून धुवायची, उपडी घालून वाळवायची. रोज हाताळून तिच्यावर हळूहळू तकाकी चढते म्हणतात. व्हिडिओ कॉलवर आईने आधी विचारलं, "ही काय झारी आहे का?" मग दांडा असा बाजूला का, आणि मग साबणाचं ऐकल्यावर, "म्हणजे खरकटीच?" मी म्हटलं आई, यात दूध नाही, साखर नाही, खरकटं कशाचं? ती म्हणाली, "मग चहा तरी कशाला म्हणता त्याला?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

पण एक गोष्ट बहिणीलाही सांगून पटली नाही, म्हणून इथे सांगते. तिचं म्हणणं, बघ, यांनी डावखुऱ्यांसाठी वेगळी किटली केली, आपल्याकडे नुसतं हातावर फटका. अर्धं खरं आहे. फटके मी खाल्लेत. पण शाळेत मी डाव्या हातानेच लिहिलं, आणि बाईंनी मला बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं, कोपरं आपटू नयेत म्हणून. इथली माझी डावखुरी सहकारी आठवणीने सांगते की ब्रशने अक्षरं गिरवण्याच्या वर्गात तिला उजवा हातच वापरायला लावला. मेजावर चॉपस्टिक मांडतात त्या टोकं डावीकडे करून, म्हणजे उजव्या हाताने उचलायला सोप्या. आणि स्टेशनातलं फाटक! कार्ड टेकवायची जागा नेहमी उजवीकडे. मी रोज सकाळी डाव्या हातातलं कार्ड पोटावरून पलीकडे नेत, तिरकी होत, त्या फाटकातून जाते. मागे शेकडो लोक शिस्तीत उभे. एवढा शिस्तीचा देश, मिनिटाला मिनिट जुळवून गाड्या सोडणारा, पण फाटकाच्या दुसऱ्या अंगाला एक कार्डरीडर बसवायचं काही त्यांना सुचलेलं नाही. तेव्हा उगाच कुणी मला जपान डावखुऱ्यांचा स्वर्ग आहे असं सांगू नये. फळीवरच्या सगळ्या किटल्यांचे दांडे उजवीकडे होते. माझी खोक्यात होती.

आणि आपलं पातेलं बघा. त्याला कान नाही, तोटी नाही, पुढचं-मागचं नाही. सांडशी कुठल्याही बाजूने लावा, कुठल्याही हाताने ओता. आपण माणसं डावं-उजवं करतो, पातेलं करत नाही. हे मी बहिणीला परतीच्या गाडीत सांगितलं. ती म्हणाली की पातेल्यातून ओतताना अर्धा चहा बाहेरून ओघळतो, त्याचं काय? लहान बहिणी अशाच असतात.

बाजूच्या दांड्याची ही तऱ्हा इथे फार रुजली आहे. १८७८ साली टोकोनामेत एका चिनी कारागिराला बोलावून घेतलं आणि चीनमधल्या यिशिंग गावच्या लाल किटल्यांचं तंत्र त्याच्याकडून शिकून घेतलं, हे इथे अभिमानाने सांगतात. यिशिंगच्या किटल्यांचा कान मात्र बहुतेक वेळा मागेच असतो, आपल्यासारखा. म्हणजे विद्या परक्याची घेतली आणि दांडा आपल्याला हवा तिथे बसवला. मागे कान असलेल्या किटल्याही इथे मिळतात, आणि त्या दोन्ही हातांना चालतात. मग तीच का नाही घेतली, असं नवऱ्याने विचारलं. बरोबर आहे त्याचं. पण दोन्ही हातांना चालणाऱ्या वस्तूंनी माझं घर भरलेलं आहे. फक्त डाव्या हाताला चालणारी ही एकच. नवऱ्याला ती वापरता येत नाही, आणि त्याची मनगटाची कसरत मी सकाळी अगदी निवांत बघते.

दुधाचा चहा बंद झालाय असं कुणी समजू नये. तो चार वाजता होतोच, आलं ठेचून. त्यासाठीही मी शेवटी इथलंच भांडं घेतलं. युकिहिरा म्हणतात त्या छोट्या, लाकडी दांड्याच्या पातेल्याला. तिच्या काठाला दोन्ही बाजूंना ओतायची चोच असते, म्हणजे कुठल्याही हाताने ओता, ओघळत नाही. बहिणीला याचा फोटो पाठवला आहे. उत्तर आलेलं नाही.

तेवढं घेताना खालची शेगडी बघून घ्या, कारण इथल्या बऱ्याच भाड्याच्या घरांत ओट्यात बसवलेली आयएच, म्हणजे इंडक्शनची शेगडी असते आणि ॲल्युमिनियमची साधी युकिहिरा तिच्यावर तापतच नाही. सगळे धातू तापवणाऱ्या शेगड्या बाजारात आहेत, पण घरमालकाने बसवलेली शेगडी कधीच त्यातली नसते. जे कुणी दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे येणार आहेत त्यांना हात जोडून विनंती, पितळी पातेलं आणू नका, ॲल्युमिनियमचंही नको. स्टीलचं आणणार असाल तर दुकानातच तळाला लोहचुंबक लावून बघा. आपल्याकडचं बरंचसं स्टील त्याला चिकटत नाही, आणि मग इथे ते भांडं फक्त पीठ मळायला उरतं. तशी माझ्याकडे पुष्कळ झाली आहेत.