आवळ अजून थोडा

पार्किंगच्या फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला की बाकीचे ओलांडून जातात, मी खाली वाकतो. गुडघे आता कुरकुरतात, पण स्प्लेंडर बाबांची आहे आणि तिच्या पोटाखाली डोकावायची खोडही त्यांचीच.

रविवारी दुपारी थेंब ड्रेन बोल्टला, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी ऑइल सोडायच्या बोल्टला, लोंबत होता. सतरा नंबरचा पाना लावून जरा आवळला, तर बोल्ट लोण्यात फिरावा तसा फिरतच राहिला. पोटात कसा गोळा येतो, ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी भोकातल्या आट्यांवरून, बोल्ट धरणाऱ्या वळ्यांवरून, बोट फिरवलं. "आटं मेल्यात. कुणी आवळलंय एवढं?"

मी गप्प. सगळ्यांनीच आवळलं होतं. दर वेळी ऑइल बदललं की मी, गॅरेजमधली पोरं, जो हाताला लागेल तो, वाटेत सुटायला नको म्हणून 'अजून थोडा'. बोल्ट पोलादी, इंजिनाची केस अॅल्युमिनियमची. मरणार कोण हे ठरलेलंच. खरं तर गळती थांबवतो तो बोल्टाच्या डोक्याखालचा चकतीसारखा वायसर. तो मऊ असतो, दबून फट बुजवतो. एकदा दबला की संपला, दर वेळी नवा घालायचा. पण हजाराची सर्व्हिसिंग करणाऱ्या माणसाचा जीव नेमका तिथेच अडकतो.

बाबा मात्र वायसर फेकतही नसत आणि बोल्ट जास्त आवळतही नसत. चेतकच्या काळात त्यांच्याकडे तांब्याचे वायसर होते. एक चिमट्यात धरून गॅसवर लालबुंद करायचा आणि पाण्याच्या वाटीत सोडायचा. चुर्र! दाबून कडक झालेलं तांबं तसं केलं की पुन्हा मऊ पडतं. आतून आई ओरडायची, "पापडाचा चिमटा आहे तो!" मग बोल्ट आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचा, आणि पाना टोकाला न धरता आखूड, डोक्याजवळ धरायचा. एक हिसका. "हं." झालं. काळं ऑइल डालड्याच्या डब्यात जायचं आणि वर्षभर पुरायचं: फाटकाच्या बिजागऱ्यांना, परड्यातल्या खांबांच्या बुडाला वाळवी लागू नये म्हणून, आणि एकदा माझ्या गणवेशाला.

दुकानदाराने काउंटरवर तीन बोल्ट मांडले. मूळ मापाचा, ओव्हरसाईज आणि टोकाला चुंबक असलेला. मी ओव्हरसाईज उचलला, तसे मिस्त्री म्हणाले, "त्यो आपलं आटं आपणच पाडत जातोय. वाकडा गेला की केसला चीर. हेलिकॉइल घालूया, बोल्ट हाय त्याच मापाचा ऱ्हाईल." हेलिकॉइल म्हणजे नव्या आट्यांसाठी भोकात बसवायचं तारेचं वेटोळं. त्यांनी आटे पाडायच्या टॅपला ग्रीस फासलं, म्हणजे धातूचा किस आत न पडता त्याला चिकटतो. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा पुढे. तेवढा वेळ मी श्वास धरून उभा. मग थोडं ऑइल ओतून आतून धुऊन घेतलं.

चुंबकवाला बोल्ट मात्र मी हट्टानेच घेतला.

"किस अॅल्युमिनियमचा," मिस्त्री हसले. "चुंबक काय धरणार?"

"गिअरचा तरी धरेल."

"धरूदे की."

नवा वायसर घातला, नऊशे मिलीचा डबा रिकामा केला. घरी येऊन इंजिनाखाली कालचा पेपर पसरला. सकाळी पेपर कोरा. दुसऱ्या दिवशीही पसरला, आजही पसरलाय.

पाना ठेवायला बाबांचा पत्र्याचा डबा उघडला, तर तळाशी तांब्याचा एक वायसर. लावून बघितला, लहान. स्कूटरचाच असणार. तरी गॅस पेटवला, चिमट्यात धरला, लाल होऊ दिला, वाटीत सोडला.

"चिमटा धुऊन ठेव," आई आतून म्हणाली.